व्यवस्थापक स्त्री : घर, कार्यालय आणि महामारीचे धडे

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या शहरांचे जीवन आगगाडीच्या वेळापत्रकावर उभे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी ठाण्यापर्यंत धावली, आणि कालांतराने नोकरी मुंबईत व बिऱ्हाड ठाण्यात, डोंबिवलीत किंवा कल्याणात, हा लाखो कुटुंबांचा नित्यक्रम होऊन बसला. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर गेलेली दिसते. या वस्तीतून रोज मुंबईकडे जाणाऱ्या नोकरदार स्त्रियांची संख्या एवढी वाढली, की १ जुलै १९९२ पासून मध्य रेल्वेने मुंबई ते कल्याण या मार्गावर केवळ महिलांसाठी स्वतंत्र गाडी सुरू केली. त्या काळी या गाडीतील स्त्री बहुधा कारकून, टंकलेखिका, परिचारिका किंवा शिक्षिका असे. आज त्याच डब्यात बँकेची शाखा सांभाळणारी, संगणक कंपनीतील चमूचे नेतृत्व करणारी, रुग्णालयाची अधिसेविका, शाळेची मुख्याध्यापिका आणि शासकीय विभागाची अधिकारीही बसलेली असते. पदे बदलली, जबाबदाऱ्या वाढल्या. परंतु घरी परतल्यावर तिची वाट पाहणारे काम मात्र फारसे बदलले नाही.

कोविड महामारीने ही विसंगती लपून राहू दिली नाही. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्री उपनगरी गाड्या थांबल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. कार्यालय, शाळा, पाळणाघर, रुग्णशय्या आणि स्वयंपाकघर हे सारे एकाच छपराखाली आले. अशा वेळी व्यवस्थापक पदावरील स्त्रीच्या वाट्याला काय आले, का आले, आणि त्यातून शासन, शाळा व ग्रामपंचायत यांनी कोणता बोध घ्यावा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

संघर्षाचे स्वरूप

नोकरी आणि कुटुंब यांमधील संघर्षाचा शास्त्रीय विचार नवा नाही. जेफ्री ग्रीनहाऊस आणि निकोलस ब्यूटेल या अमेरिकन अभ्यासकांनी १९८५ साली या संघर्षाचे तीन प्रकार सांगितले. पहिला वेळेचा. एका कामाला दिलेला तास दुसऱ्या कामासाठी उरत नाही. दुसरा ताणाचा. एका ठिकाणचा शीण आणि चिंता दुसऱ्या ठिकाणी सोबत जाते. तिसरा वागणुकीचा. एका भूमिकेत जे वागणे योग्य ठरते, तेच दुसऱ्या भूमिकेत अडचणीचे होते. हा संघर्ष दोन्ही दिशांनी होतो. कार्यालय घरात शिरते, तसेच घरही कार्यालयात शिरते. त्यानंतर १९८९ साली आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या घरकामाला 'दुसरी पाळी' हे नाव दिले, आणि ते जगभर रूढ झाले.

आपल्या देशात ही दुसरी पाळी किती मोठी आहे, याचे मोजमाप शासनानेच केले आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसून आले, की बिनमोल घरकामात दिवसाकाठी ८१.२ टक्के स्त्रिया सहभागी होत्या, तर पुरुषांचे प्रमाण केवळ २६.१ टक्के होते. घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे सुमारे ५ तास खर्च करीत होती. पुरुष ९७ मिनिटे. मुले, वृद्ध व आजारी यांच्या शुश्रूषेत स्त्रीची १३४ मिनिटे जात होती, तर पुरुषाची ७६. हे आकडे महामारीच्या आदल्या वर्षाचे आहेत, हे विशेष ध्यानात घ्यावे. महामारीने हा भार निर्माण केला नाही. आधीच वाकलेल्या खांद्यांवर तिने आणखी ओझे ठेवले, एवढेच.

गाडी थांबली, आणि मधली वेळही गेली

टाळेबंदीच्या आरंभी अनेकांना असे वाटले, की घरून काम करणे ही स्त्रियांना मिळालेली सवलतच होय. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर, तर कल्याणहून सुमारे ५४ किलोमीटर आहे. घरापासून कार्यालयापर्यंत जाऊन येण्यात दिवसाचे तीन तास सहज मोडतात. ते वाचले, ही गोष्ट खरी आहे. ज्यांची बाळे तान्ही होती किंवा ज्यांच्या घरी रुग्ण होते, अशा काहीजणींना नोकरी टिकवणे यामुळे शक्य झाले, हेही नाकारता येणार नाही.

तथापि या प्रवासाची दुसरी बाजूही आहे. महिलांच्या डब्यात भाजी निवडली जाते, भिशी चालते, हळदीकुंकू होते, नवरात्रात आरती होते, आणि चौथ्या आसनावर अर्धे बूड टेकून डुलकीही काढली जाते. सून, आई आणि पत्नी या भूमिकांतून अधिकारी या भूमिकेत जाण्यासाठी, आणि सायंकाळी तेथून परतण्यासाठी, हा एक तास तिच्या उपयोगी पडत असे. कार्यालयात तिने ठाम निर्णय द्यावा, चुकणाऱ्याला समज द्यावी, अशी अपेक्षा असते. घरी तिने सर्वांचे मन राखून नमते घ्यावे, अशी अपेक्षा असते. ग्रीनहाऊस व ब्यूटेल यांनी सांगितलेला वागणुकीचा संघर्ष तो हाच. गाडीतील तासाने या दोन अपेक्षांमध्ये अंतर राखले होते. टाळेबंदीत हे अंतर स्वयंपाकघराच्या उंबरठ्याएवढे उरले. कुकरची शिट्टी आणि वरिष्ठांचा प्रश्न एकाच क्षणी कानी येऊ लागले.

वाचलेले तीन तासही तिच्या हाती राहिले नाहीत. डोंबिवली, कल्याण आणि ठाणे येथील नोकरदार कुटुंबांचा गाडा ज्या आधारांवर चालतो, ते सारे एकाच आठवड्यात निखळले. घरकामाला येणाऱ्या बाईंना संकुलाच्या फाटकातून आत येऊ देणे बंद झाले. पाळणाघरे मिटली. ज्या पोळीभाजी केंद्रांवर संध्याकाळी परतणाऱ्या हजारो कुटुंबांची भिस्त असते, त्यांच्या चुली थंडावल्या. नातवंडे सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना संसर्गाचा सर्वाधिक धोका असल्याने त्यांचीच काळजी घेणे भाग पडले. त्यातच शाळा दूरध्वनी संचाच्या पडद्यावर आली. शहरी भागातील आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा सुरू झाले. लहानग्यांच्या शाळांना त्याहून अधिक काळ वाट पाहावी लागली. म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ मुलाच्या शेजारी बसून वर्ग जोडून देणारे, गृहपाठ तपासणारे आणि त्याची छायाचित्रे शिक्षकांना पाठविणारे कोणी तरी घरात आवश्यक होते. हे 'कोणी तरी' बहुतांश घरांत कोण होते, हे शिक्षकवर्गाला सांगण्याची आवश्यकता नाही.

व्यवस्थापक पदाचा वेगळा भार

ही संकटे सर्वच नोकरदार स्त्रियांवर आली. घरकाम करणाऱ्या, कारखान्यात राबणाऱ्या स्त्रियांची तर रोजीच गेली; त्यांचे दुःख अधिक मोठे होते, हे विसरून चालणार नाही. तरीही व्यवस्थापक स्त्रीचा प्रश्न वेगळा मांडण्याचे कारण असे, की तिला केवळ स्वतःचे काम करून भागत नव्हते. तिच्या हाताखालील दहा-वीस माणसांचे कामही तिला करवून घ्यायचे होते. कोणाच्या घरी रुग्ण, कोणाच्या इमारतीला टाळे, कोणाचे वेतन कापले गेलेले; या सर्वांची रजा, धीर आणि समजूत तिच्याच हाती. इतरांची रजा मंजूर करणाऱ्या या अधिकारी स्त्रीला स्वतःची रजा मागणे मात्र अवघड जात होते. आपल्या घरातील अडचण पुढे आली, तर 'बाईमाणूस म्हणून जबाबदारी झेपत नाही' असा शेरा बसेल, ही धास्ती तिच्या मनात होती. पुरुष अधिकाऱ्याच्या मांडीवर बैठकीच्या वेळी मूल येऊन बसले तर ते कौतुकाचे ठरे. स्त्री अधिकाऱ्याच्या बाबतीत तोच प्रसंग अव्यवस्थेचा पुरावा मानला जाण्याचे भय तिला वाटत असे. म्हणून दार लावून घेणे, मूल झोपल्यावर मध्यरात्री अहवाल पुरा करणे आणि दुसऱ्या दिवशी काहीच घडले नाही अशा चर्येने बैठकीला बसणे, हा मार्ग अनेकींनी पत्करला.

ज्यांना घरून काम करणे शक्यच नव्हते, त्यांची स्थिती आणखी बिकट झाली. बँका, रुग्णालये, महापालिका, पाणीपुरवठा आणि वीज ही अत्यावश्यक सेवा होती. १५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी मोजक्या उपनगरी गाड्या सुरू झाल्या. परंतु खाजगी कार्यालयांना ८ जूनपासून मर्यादित उपस्थितीत कामाची मुभा मिळाली असली, तरी त्यांच्या कर्मचाऱ्यांना गाडीत प्रवेश नव्हता. डोंबिवली व कल्याण येथून बसच्या लांबलचक रांगा, शीळ फाट्यावरील कोंडी आणि कल्याणात पत्रीपुलाचे अपुरे काम यांमुळे एका वेळच्या प्रवासाला दोन-तीन तास लागू लागले. नवा पत्रीपूल २५ जानेवारी २०२१ रोजी खुला झाला. दरम्यान रुग्णसंख्या वाढल्याने २ ते १९ जुलै २०२० या काळात ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिका क्षेत्रांत पुन्हा कडक टाळेबंदी लागू करावी लागली. रुग्णालयातून किंवा बँकेतून परतणारी स्त्री आपल्याबरोबर रोग तर घरी नेत नाही ना, या शंकेने मुलाला जवळ घेण्यासही कचरत होती. ताणाचा संघर्ष म्हणतात तो याहून वेगळा नव्हे.

२१ ऑक्टोबर २०२० पासून सर्व महिलांना सकाळी ११ ते दुपारी ३ आणि सायंकाळी ७ नंतर उपनगरी गाडीतून प्रवासाची परवानगी मिळाली. गर्दी टाळण्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता, आणि असंख्य स्त्रियांना त्याने दिलासा दिला. परंतु १० वाजता कार्यालय उघडणाऱ्या शाखा व्यवस्थापिकेला ११ ची गाडी कशी पुरावी? आणि ७ नंतर निघून ९ वाजता घरी पोचणाऱ्या आईची दुसरी पाळी केव्हा संपावी? सार्वजनिक व्यवस्थेची घड्याळे आणि स्त्रीच्या दोन पाळ्यांची घड्याळे यांचा मेळ बसत नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

'माझे कुटुंब' आणि कोणाची जबाबदारी?

१५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम राबविण्यात आली. आरोग्य पथकांनी घरोघर जाऊन तपासणी केली आणि रुग्ण लवकर शोधण्यास त्यामुळे साहाय्य झाले. या घोषवाक्यातील 'माझी' हा शब्द कुटुंबातील प्रत्येकाच्या तोंडी यावा, असा त्याचा आशय आहे. प्रत्यक्षात मात्र तापमान मोजणे, काढा करणे, किराणा धुऊन घेणे, वेगळ्या खोलीतील रुग्णाचे ताट दाराशी ठेवणे ही जबाबदारी बहुतेक घरांत एकाच व्यक्तीची ठरली. ती व्यक्ती दिवसा कोट्यवधी रुपयांच्या व्यवहारावर स्वाक्षरी करणारी असो वा नसो, घराच्या दारात तिचे पद गळून पडत होते.

याचे परिणाम केवळ थकव्यापुरते मर्यादित राहिले नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ ते २०२० या काळात जगातील स्त्रियांचा रोजगार ४.२ टक्क्यांनी घटला, तर पुरुषांचा ३ टक्क्यांनी. व्यवस्थापक स्त्रीच्या बाबतीत हे नुकसान पुष्कळदा आकड्यांत दिसतही नाही. ती नोकरी सोडत नाही. पण बदलीसह येणारी पदोन्नती नाकारते, महत्त्वाच्या प्रकल्पातून स्वतःचे नाव मागे घेते, किंवा 'मुलाची दहावी होऊ द्या' म्हणून दोन वर्षे थांबते. ही दोन वर्षे पुढे भरून निघत नाहीत. संस्थेच्या सर्वोच्च पदांवर स्त्रिया का दिसत नाहीत, या प्रश्नाचे एक उत्तर या थांबण्यात आहे.

काही घरांत चांगला बदलही झाला. टाळेबंदीत अनेक पुरुष प्रथमच दिवसभर घरी राहिले आणि घर चालण्यास किती हात लागतात हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. कोणी कणीक मळली, कोणी भांडी घासली, कोणी मुलांचे वर्ग सांभाळले. हा बदल टिकला काय? २०२४ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणाने याचे उत्तर दिले आहे. घरकाम करणाऱ्या स्त्रीचा सरासरी वेळ २९९ मिनिटांवरून २८९ मिनिटांवर आला. परंतु पुरुषाचा वेळही ९७ वरून ८८ मिनिटांवर उतरला. स्त्रीचा भार दहा मिनिटांनी हलका झाला खरा, पण तो पुरुषाने उचलला असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. संकटात शिकलेला धडा आपोआप अंगवळणी पडत नाही. त्यासाठी व्यवस्था बदलावी लागते.

कायदा आहे, व्यवहार हवा

या दिशेने शासनाने टाकलेली पावले उल्लेखनीय आहेत. १९९४ साली महिला धोरण जाहीर करून महाराष्ट्राने देशाला वाट दाखविली. चौथे महिला धोरण ८ मार्च २०२४ रोजी जाहीर झाले. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक करण्यात आली. पुढे या तरतुदींचा समावेश सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये झाला. राज्य शासनाने २०१८ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना सेवाकाळात १८० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा देऊ केली. पत्नी हयात नसलेल्या किंवा पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांनाही ही रजा मिळू शकते. या तरतुदी स्वागतार्ह आहेत. परंतु आई असताना बापाने मूल सांभाळावे, ही कल्पना आपल्या नियमांत अद्याप पुरती रुजलेली नाही, हेही त्यांतून दिसते. केंद्र शासनाच्या पुरुष कर्मचाऱ्यांना मिळणारी पितृत्व रजा १५ दिवसांची आहे. रजा केवळ आईलाच मिळत राहिली, तर मालक स्त्रीला नेमताना दहा वेळा विचार करतो आणि घरातील मंडळी मूल हे तिचेच काम मानतात. म्हणून बालसंगोपनाच्या सवलतींत पुरुषाला वाटेकरी करून घेणे, हे स्त्रीच्याच हिताचे आहे.

प्रत्येकाच्या हाती असलेले काम

कायद्याखेरीज बरेच काही स्थानिक पातळीवर, खर्चाविना करता येण्याजोगे आहे.

अधिकाऱ्यांच्या हाती बैठकीची वेळ असते. सायंकाळी साडेपाचला बोलावलेली बैठक ही कल्याणला परतणाऱ्या स्त्रीसाठी रात्री आठनंतरची घरवापसी ठरते. बैठका दुपारपूर्वी संपविणे, तातडीचे नसेल तर रात्रीचे दूरध्वनी व संदेश टाळणे, आणि घरून काम करणाऱ्याचे मूल्यमापन हजेरीवरून न करता कामावरून करणे, या गोष्टींना शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. कार्यालयात ५० हून अधिक कर्मचारी असतील, तर पाळणाघर कागदावर आहे की प्रत्यक्षात, याचीही पाहणी व्हावी.

शिक्षकांच्या हाती दुहेरी सामर्थ्य आहे. पालक संदेशगटात वडिलांनाही घ्यावे, सूचना दोघांनाही जाव्यात, आणि पालकसभा दोघांपैकी एकाला तरी सोयीची होईल अशा वेळी ठेवावी. 'आईला सांग' या वाक्याच्या जागी 'घरी सांग' हे वाक्य आले, तरी मुलाच्या मनात घराची वेगळी कल्पना उभी राहील. शाळेत भाकरी थापणे, बटण लावणे आणि आजाऱ्याची शुश्रूषा करणे हे धडे मुलगे व मुली दोघांनाही सारखेच मिळावेत. २०४० साली संसार मांडणारा पुरुष आज तिसरी-चौथीच्या वर्गात बसलेला आहे.

पंचायत सदस्यांना हा प्रश्न शहरी वाटण्याचा संभव आहे. परंतु स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी ५० टक्के जागा राखीव असलेल्या या राज्यात महिला सरपंच हीदेखील व्यवस्थापकच आहे. महामारीत गावाबाहेरून आलेल्यांची शाळेत राहण्याची सोय, धान्यवाटप आणि लसीकरण यांची धावपळ करून शहापूर, मुरबाड, भिवंडी यांसारख्या तालुक्यांतील महिला सरपंचांनाही घरी जाऊन चूल पेटवावी लागत होती. मिशन शक्ती कार्यक्रमातील 'पाळणा' योजनेखाली अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालविण्याची तरतूद आहे. गावात त्याची गरज किती, हे ग्रामसभेत मांडणे आणि प्रस्ताव वेळेवर पाठविणे हे पंचायतीचे काम होय. ग्रामसभेची वेळ ठरवितानाही स्त्रियांची सवड विचारात घेतली जावी.

कल्याण ही डॉ. आनंदीबाई जोशी यांची जन्मभूमी. १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाईंनी १८८६ साली अमेरिकेत वैद्यकशास्त्राची पदवी संपादन केली, आणि पुढच्याच वर्षी वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या निवर्तल्या. त्या काळी स्त्रीने शिकावे की नाही, हा वाद होता. तो वाद आता मिटला आहे. शिकलेल्या आणि स्वतःच्या कर्तृत्वाने पदावर पोचलेल्या स्त्रीला ते पद आयुष्य न झिजविता सांभाळता यावे, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. त्याचे उत्तर तिच्या अधिक चिकाटीत नाही. चिकाटी तिने महामारीत पुरेशी दाखविली आहे. बैठकीची वेळ, शाळेची सूचना, पाळणाघराचा प्रस्ताव आणि घरातील पाच तासांची वाटणी यांत ते उत्तर आहे. यांपैकी एक तरी गोष्ट प्रत्येकाच्या अखत्यारीत आहे. पुढच्या संकटाची वाट न पाहता ती आजच हाती घेतली जावी.